सुरवसे सरांचा हीटर

सुरवसे सर गेले तेव्हा दहाव्याच्या दिवशी गावातल्या एका पुढाऱ्यानं चार शब्द बोलायला माईक हातात घेतला. "सर अत्यंत मनमिळाऊ होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचं मन दुखावलं नाही," असं तो म्हणाला आणि मांडवातल्या माणसांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त माणसांनी सरांची बोलणी खाल्लेली होती. खुद्द या पुढाऱ्याच्या हायवेवरच्या हॉटेलातली भट्टी सरांनी भर गर्दीत बंद करायला लावली होती, आणि "तू गिऱ्हाइकाला जेवू घालायलास का भाजायलास?" असं त्याला चारचौघांत विचारलं होतं. मला हसू फुटलं. शेजारच्या बाईनं डोळे वटारले तेव्हा मी पदर तोंडाशी धरला आणि रडल्याचं सोंग केलं.

मनमिळाऊ म्हणे! मेल्या माणसाला इतकं स्वस्त करू नये. सुरवसे सर तुसडे होते, तोंडाळ होते आणि कमालीचे हट्टी होते. त्यांच्याशी भांडत भांडत मी दोन तपं शेजार केला. तेवढ्या काळात त्यांनी माझ्या घरातल्या एकाही वस्तूला चांगलं म्हटलं नाही आणि मीही त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवली नाही. आता ते खोटं कौतुक ऐकल्यापासून माझं डोकं फिरलेलं आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी जळकोटच्या शाळेत मराठी शिकवायला आले, त्या आठवड्यातली गोष्ट. घर लागलेलं नव्हतं, खोकी तशीच पडलेली होती, आणि एक उंच, किडकिडीत, गळ्याला मफलर गुंडाळलेला माणूस दार न वाजवता सरळ स्वयंपाकघरात आला. हातात दाढीचा ब्रश आणि वाटीत साबणाचा फेस. मला वाटलं, हा आता इथं दाढी करतो की काय! त्यानं माझ्या शेगडीच्या नळीला ब्रशनं फेस फासला आणि वाकून बघत राहिला. फेसातून बारीक बुडबुडे यायला लागले.

"ही नळी कवाची?"

"लग्नातली," मी म्हणाले.

"मग लग्नाएवढीच जुनी झाली. लग्न ठेवा, नळी फेका."

एवढं बोलून त्यांनी रेग्युलेटर काढला, नळी ओढून घेतली आणि घेऊनच गेले. त्या दुपारी आम्ही पोहे भिजवून दह्याबरोबर खाल्ले. संध्याकाळी नवी नळी आली, ती बसवताना ते माझ्या नवऱ्याला इतकं बोलले की बिचारा पुढं वर्षभर त्यांना बघून गल्ली बदलायचा. हे आमचे शेजारी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये पत्राकामाचे निदेशक, रोज एसटीनं येऊन-जाऊन. गॅस, भट्ट्या, बर्नर हे त्यांच्या नोकरीत नव्हतं, तो त्यांचा स्वतःचा आजार होता. कुणाच्याही घरी गेले की पाणीसुद्धा नंतर, आधी "ज्योत बगू" म्हणायचे. ज्योत निळी असली तर चहा घेत, पिवळी असली तर घरमालकाला घेत.

त्यांच्या बायकोला, शकूताईंना, या माणसाबरोबर चारचौघांत जाणं म्हणजे शिक्षा होती. त्यांच्या नात्यातल्या एका लग्नाला आम्ही दोन्ही घरची माणसं ईट गावाला गेलो होतो. आचाऱ्यानं गॅसच्या टाक्या स्टेजच्या मागं, कापडी कनातीला लागून मांडल्या होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता हातात आल्या, आणि सर सरळ स्टेजवर चढले. भटजींच्या हातातला माईक घेऊन म्हणाले, "आधी टाक्या हलवा, मग अक्षता टाका." मुलाचे मामा धावून आले. मुहूर्त टळायलाय, अशी ओरड झाली. सर अंतरपाटाशेजारी कमरेवर हात ठेवून उभे राहिले ते टाक्या शेताच्या बांधावर जाईपर्यंत. मुहूर्त टळला. लग्न लागलं, जेवणं झाली, काहीही झालं नाही.

परतीच्या जीपमध्ये शकूताई मुसमुसून रडत होत्या. "काय झालं आसतं हो? सांगा ना. काय झालं आसतं?"

"काय झालं आसतं ते तुला दिसलं न्हाय," सर म्हणाले, "म्हणूनच इचारायलीस."

त्या जोडप्याला आता दोन मुलं आहेत, संसार छान चालला आहे, आणि सुरवशांचं नाव निघालं की दोघं अजून तोंड वाकडं करतात. टाक्या तिथंच राहिल्या असत्या तरी बहुधा काही झालं नसतं. बहुधा. या एका शब्दावर सर आयुष्यभर जगाशी भांडले, आणि जगानं त्यांना दर वेळी हाच प्रश्न विचारला, की मग झालं काय?

या माणसाला उलटं बोलणारी पृथ्वीवर एकच व्यक्ती होती. त्यांची एकुलती एक मुलगी, वैशाली. ती सरांच्या पत्र्याच्या शेडात वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकून बापापाशी. बॅटरी धरायची, फेस करायची आणि बापाला म्हणायची, "बाबा, तुम्ही ओरडू नका, बर्नरला ऐकू येत न्हाय." सर हसायचे. मी त्यांना हसताना फक्त तिच्याशी बोलताना पाहिलं आहे. तिला ताप आला की हा माणूस रजा टाकून उशाशी बसायचा आणि डॉक्टरलाही बोलू द्यायचा नाही. ती लग्न होऊन पुण्याला गेली त्यानंतर महिनाभर त्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. शकूताई घाबरून मला विचारायला आल्या, दवाखान्यात न्यावं का म्हणून.

जावई निखिल. तो वाईट माणूस आहे असं मला लिहिता आलं असतं तर हे सगळं फार सोपं झालं असतं. पण तो हसतमुख, मऊ बोलणारा, बायकोला जपणारा मुलगा आहे. इंजिनिअर आहे, नोकरी सोडून त्यानं स्वतःचा धंदा काढला. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायच्या, आत पलंग, ओटा, बेसिन बसवायचं आणि चाकावरचं घर करून भाड्यानं द्यायच्या. लोक त्या कॅम्पर व्हॅन घेऊन हिमाचलला, लडाखला जातात. तिथल्या थंडीसाठी त्याला हीटर हवा होता, गॅसवरचा, उचलून नेता येईल असा. बाहेरचे महाग पडत होते. वैशूच म्हणाली, "बाबांना सांग ना."

सर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात बसून शकूताईंच्या फोडणीत चुका काढत होते. जावयाचा फोन आला आणि माणूस उठून उभा राहिला. शेडात पुन्हा ठोकाठोक सुरू झाली. भंगारातून त्यांनी एका टेम्पोचा बंद टप, म्हणजे मागचा पत्र्याचा डबा, आणला, त्याला आतून प्लायवूड मारलं, पट्ट्या लावून फटी बुजवल्या. ही त्यांची व्हॅन. मे महिन्याची दुपार, जळकोटचं ऊन, वर तापलेला पत्रा, आणि हा गृहस्थ त्या टपात दार लावून हीटर पेटवून बसलेला. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे आणि हसायचे. शकूताई बाहेरून टप बडवायच्या, "अहो, उकडून मराल!" आतून आवाज यायचा, "मरलो न्हाय आजून. मरलो की सांगतो."

एकदा मी ताक घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला तो हीटर समजावून सांगितला. मराठीच्या बाईला कळेल असा सांगितला, हे त्यांचे माझ्यावर मोठे उपकार. एक पेटी होती, शाळेच्या दप्तराएवढी. आत सगळीकडून बंद केलेला डबा आणि त्या डब्यात ज्योत. व्हॅनच्या तळातून एक नळी येणार, ती बाहेरची हवा ज्योतीला पुरवणार. दुसऱ्या नळीनं धूर तसाच खाली, बाहेर जाणार. माणसं बसतात ती हवा फक्त डब्याच्या बाहेरून फिरून तापणार.

"ही आग सोवळ्यात हाय, बाई," ते म्हणाले. "आपल्या हवेला शिवत न्हाय, आपल्याला तिचा धूर शिवत न्हाय. काय कळलं का?"

"कळलं."

"मग ही खिट्टी बगा." नळ्या जिथं पेटीला जोडायच्या तिथं पितळेची एक बारीक खिट्टी होती. नळ्या नीट बसल्या तरच ती दाबली जायची, आणि ती दाबली गेली तरच गॅस सुटायचा. नळ्या न लावता हीटर कुणी पेटवायला गेलं तर पेटणारच नाही. त्या खिट्टीवर त्यांनी अख्खा मे महिना घातला होता. ती दाखवताना त्यांचा आवाज मऊ झाला, मला वाटलं ते पाळण्यातलं मूल दाखवताहेत.

मी सहज विचारलं, एवढी भीती कशाला? तेव्हा त्यांनी ते सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला तालुक्याला ते एका जोडीदाराबरोबर खोली करून राहायचे. थंडीचे दिवस. सर गावी आले होते आणि जोडीदारानं दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी आत घेतली. सकाळी सरांनीच दार फोडलं.

"पांघरूण नीट घेतलेलं. गालावर लाली. म्या हलवून उठवलं त्याला, आरं ऊठ, किती झोपतूस म्हणून. मेलेला माणूस इतका टवटवीत आसतो, बाई, हे म्या पुन्हा कवा बगितलं न्हाय." मग ताक पिऊन भांडं मला परत देत म्हणाले, "त्याला वास न्हाय, रंग न्हाय, ठसका न्हाय. डोकं जड पडतं, माणूस म्हणतो जरा पडतो. मुका धूर हाय तो."

त्या वर्षी पावसाळ्यात अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून वाढायचे आणि जावयाला वाण द्यायचं. वाणात जाळीदार वस्तू लागते, म्हणून अनारसे. शकूताईंच्या डोक्यातून निघालं की यंदा वाणात हीटरच द्यायचा. "तुमच्या त्या बर्नरलाबी भोकं हायतच की," त्या सरांना म्हणाल्या. "देवाला चालंल." सर खूश झाले. पेटीला त्यांनी निळा रंग दिला आणि कधी नव्हे ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत वैशूचं नाव कोरलं.

जेवायला आम्ही शेजारपाजारच्या बायका होतो. निखिल नवं धोतर नेसून पाटावर बसला, वैशू शेजारी. समया लावल्या. तांब्याच्या ताम्हनात अनारसे आणि त्याच्या बाजूला पाटावर हीटर, त्याला हळदीकुंकू लावलेलं. शकूताईंनी जावयाचे पाय धुतले, ओवाळलं. सरांनी दोन्ही हातांनी हीटर उचलून जावयाच्या हातात दिला. दृष्ट लागावी असा तो क्षण होता आणि बहुतेक लागलीच.

निखिलनं हीटर फिरवून फिरवून पाहिला. "बाबा, फिनिशिंग एक नंबर आहे. एकच विनंती. ही नळीची अट काढता आली तर बरं होईल."

"कशाची?"

"गाडीच्या तळाला भोक पाडायला लोक तयार नसतात. शिवाय हीटर तंबूतही नेतात. पोर्टेबल म्हणजे कुठंही ठेवता आला पाहिजे ना."

"कुठंबी म्हणजे मसणातबी का?"

शकूताईंनी पुरणाच्या हातानंच कपाळाला हात लावला. धोंड्याच्या पाटावर बसलेल्या जावयासमोर हा शब्द! निखिल मात्र हसला. बाहेरच्या हीटरमध्ये सेन्सर असतो, हवा बिघडली की तो आपोआप बंद होतो, असं त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. सर म्हणाले, सेन्सर बंद पडला तर हीटर कोण बंद करणार? निखिल म्हणाला, तसं होत नाही. सर म्हणाले, व्हतंय. दोघंही आपापल्या जागी खरे वाटत होते.

मग निखिल वैशूला हळूच म्हणाला, "जाऊ दे. खिट्टी मी पुण्यात काढून घेईन. पाच मिनिटांचं काम आहे."

ते सरांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी वाकून जावयाच्या मांडीवरचा हीटर उचलला.

"बाबा, अहो, वाण आहे ते," वैशू म्हणाली. "देऊन टाकलंय तुम्ही."

"व्हय. आता परत घेतलं."

जावयाला दिलेलं वाण परत घेणं! आमच्या बाजूला असं कुणी कधी ऐकलेलंसुद्धा नाही. सर हीटर घेऊन अंगणात गेले, शेडातून हातोडा आणला आणि निळी पेटी फरशीवर ठेवून ठोकायला लागले. हळदीकुंकवासकट. तिचा पार चपटा पत्रा होईपर्यंत ठोकत राहिले. आत सगळ्या बायका हातात वाट्या घेऊन जागच्या जागी उभ्या. निखिल अर्ध्या पानावरून उठला. हात धुतले, धोतर सोडून पँट चढवली, शकूताईंच्या पाया पडला आणि गाडीत जाऊन बसला.

वैशू दारात थांबली. "बाबा, एवढंच होतं तर मला बाजूला घेऊन बोलायचं. मी त्याला समजावलं असतं."

"तू समजवून तो ऐकला आसता का?"

"ते आता कसं कळणार?" ती म्हणाली आणि गेली.

मला त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला. आजही येतो. ते बरोबर होते, आणि बरोबर असण्याचं इतकं वाईट रूप मी दुसरं पाहिलेलं नाही. लेकीनं दोन शब्द मागितले होते, तेवढीही फुरसत त्यांच्या हातोड्याला नव्हती. पण खिट्टी काढली जाणार हे कळूनही तो हीटर त्यांनी तसाच जाऊ दिला असता तर मी त्यांना काय म्हटलं असतं, हेही मला माहीत आहे.

यानंतर काय झालं? काहीच झालं नाही. हेच तर सरांचं दुर्दैव. निखिलनं बाहेरचे हीटर घेतले, सेन्सरवाले, तयार मिळणारे. धंदा वाढला. एकाच्या चार गाड्या झाल्या. वैशूला मुलगी झाली, ओवी तिचं नाव. बारशाला शकूताई एकट्या गेल्या. वैशू आईशी फोनवर बोलायची, बापाचं नाव निघालं की "ठेवते" म्हणायची.

सर रोज सकाळी चहाच्या आधी शकूताईंचा फोन मागून घ्यायचे आणि लेकीनं काही टाकलंय का ते बघायचे. बर्फातली गाडी, लाल टोपी घातलेली ओवी, काचेआड वाफाळलेला कप आणि मागं लालभडक पेटलेला हीटर. फोटो बघून झाला की फोन परत द्यायचे आणि चहा प्यायचे. डोंगरात रेंज नसली की दोन-दोन दिवस काही येत नसे. तेव्हा त्यांच्यापुढं ताट ठेवायची सोय नव्हती. शकूताईंनी एकदा चिडून म्हटलं, "एवढी काळजी हाय तर फोन करा." ते म्हणाले, "काय बोलू? जिती हायस का म्हणून इचारू?"

गावाला तर खेळच मिळाला. चौकात कुणीतरी मोठ्यानं विचारायचं, "सर, जावयाचा हीटर उडाला का न्हाय आजून?" मनमिळाऊपणाची भाषणं ठोकणारा हाच पुढारी त्यात पुढं असायचा. आणि ज्या माणसानं कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही तो मान खाली घालून निघून जायचा. उत्तर काय देणार? नाही उडाला म्हणावं तर आपण मूर्ख ठरतो. उडेल म्हणावं तर पोटच्या पोरीला शाप देतो. सर बरोबर होते हे सिद्ध व्हायला त्यांची लेक मरायला हवी होती. म्हणून दर हिवाळ्यात हा माणूस देवाला हात जोडत होता की बाबा, मला चूक ठरव. मी त्यांना तुळजापूरला देवीपुढं डोळे मिटून उभं राहिलेलं पाहिलं आहे. ज्यानं जन्मात देवळाची पायरी चढली नव्हती, तो.

आता शेवटचं. पौषातली सकाळ होती, कधी नव्हे ती बोचरी थंडी पडली होती. शकूताई धावत आल्या. वैशू आणि निखिल व्हॅन घेऊन हैदराबादला चालले होते. घरी येणार नव्हते, हायवेवर पेट्रोल पंपापाशी चहाला थांबणार होते. "तुमीबी चला बाई. तुमी आसला की हे जरा दबून राहतील." सर इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. दाढी इतकी घोटून केली होती की गाल सोलले होते.

पंपाजवळ सर टपरीपाशी थांबले आणि त्यांनी पान मागितलं. मी चकित झाले. सुरवसे सर आणि पान? आयटीआयच्या पोरांच्या तोंडात बोट घालून सुपारी काढणारा माणूस हा. त्यांनी विडा तोंडात कोंबला, आणखी दोन बांधून खिशात टाकले आणि चालायला लागले.

व्हॅन छान होती, खोटं कशाला बोलू. काचा बंद, आत ऊब. निखिलनं सरकतं दार उघडून "या बाबा, आत या" म्हटलं, जुनं काही मनात नसल्यासारखं. आम्ही दाटीवाटीनं बसलो, दार बंद झालं. बाकावर ओवी झोपलेली होती, गाल लाल झालेले. तिच्या पायाशी तो हीटर. ना नळी, ना काही. सरांनी नातीला समोर पहिल्यांदा पाहिलं. त्यांची नजर तिच्या गालांवर गेली, तिथून ज्योतीवर, आणि पुन्हा गालांवर. मला टपाशेजारची ती दुपार आठवली, त्यांच्या जोडीदाराच्या गालावरची लाली आठवली. आता हा माणूस काय करतो?

"लई उबदार हाय, जावईबापू," सर म्हणाले. "छान केलंय."

छान हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. शकूताईंनी डोळ्याला पदर लावला. निखिलला मनापासून आनंद झाला, तो गाडीतलं एकेक दाखवायला लागला. सर मान हलवत होते, "व्हय व्हय" म्हणत होते. मग त्यांनी तोंडाकडं बोट दाखवलं, उठले, दार पूर्ण सरकवलं आणि बाहेर वाकून थुंकले. थुंकून झाल्यावरही दारातच रेंगाळले, रस्त्यावरच्या ट्रका बघत. गार वारा आत भरला.

"बाबा, दार लावून घ्या ना," निखिल म्हणाला. "ओवीला थंडी वाजेल."

"व्हय व्हय. लावतो."

बसले. दुसरा विडा तोंडात. चहा आला तेव्हा पुन्हा उठले, पुन्हा दार. भाकरी-चटणीचा डबा उघडला तेव्हा पुन्हा. तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. हीटरविरुद्ध तोंडानं एक शब्द काढायचा नाही असं ठरवून आलेला माणूस दार उघडायला पानाचं निमित्त घेऊन आला होता.

"शी, बाबा!" वैशू म्हणाली. "ही घाण सवय कधी लागली तुम्हाला?"

"म्हातारपणी लागती," सर म्हणाले. ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ इस्त्रीच्या शर्टावर आला होता.

निघताना ओवी जागी झाली. सरांनी तिला उचलून खाली घेतलं, "गाय दावतो" म्हणून बाहेर घेऊन गेले. तिथं गाय नव्हती. ती रडायला लागेपर्यंत ते तिला मोकळ्या हवेत फिरवत राहिले. मग वैशूनं तिला घेतलं, दार सरकलं, गाडी हायवेला लागली. सगळ्या काचा बंद होत्या.

सरांनी पंपाच्या नळावर खळखळून चुळा भरल्या. सवय नसलेल्या पानानं त्यांना मळमळत होतं, कपाळ घामानं डबडबलं होतं. शकूताई रिकामा डबा घेऊन पुढं गेल्या होत्या. मला राहवलं नाही.

"सर, एका शब्दानं तरी सांगायचं होतं."

"आन् सांगितलं आसतं तर? पुढच्या बारीला गाडी थांबली नसती."

ते गाडी गेली त्या दिशेला बघत राहिले. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "बाई, म्या तीन-चारदा दार उघडलं न्हवं? तेवढी हवा हैदराबादपतूर पुरंल का?"

मी मराठीची बाई. साध्या नळीचं मला कधी कळलं नव्हतं, आणि हा माणूस मला विचारत होता.

"पुरेल सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, ओल्या हातानं शर्टावरचा डाग पुसायचा प्रयत्न केला, आणि आम्ही घराकडं चालायला लागलो.